पीटीएची निवडणूक: नावं कोण सुचवतं, कशी सुचवतं?

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या शाळांच्या पीटीएमध्ये, म्हणजे पालक-शिक्षक संघात, पुढच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांचा शोध सुरू होतो. त्यासाठी सभासद आपल्यातल्याच तीन किंवा पाच जणांची नॉमिनेटिंग कमिटी निवडतात. ही कमिटी प्रत्येक पदासाठी साधारणपणे एक नाव सुचवते आणि मार्च-एप्रिलच्या सभेत त्यावर निवडणूक होते. या महिन्यातली बरीच पत्रं याच कमिटीबद्दल आहेत. राज्याराज्यांत मुदती बदलतात, त्यामुळे आमचं उत्तर वाचताना तुमच्या पीटीएचे बायलॉज, म्हणजे संघाची लेखी नियमावली, शेजारी उघडे ठेवा. दोन्हींत फरक दिसला तर बायलॉजचं ऐका.

प्रश्न: प्राथमिक शाळेच्या पीटीए सभेत माझी पाच जणांच्या नॉमिनेटिंग कमिटीवर निवड झाली. हात वर केला तेव्हा वाटलं होतं, चार फोन करायचे असतील. आता कळतंय की कुणालाच काही माहीत नाही. सुरुवात कुठून करू? (एक आई, फ्रिमाँट, कॅलिफोर्निया)

कॅलेंडर घ्या आणि निवडणुकीच्या तारखेपासून मागे मोजत या. कॅलिफोर्निया स्टेट पीटीएच्या पद्धतीत ही कमिटी निवडणुकीच्या किमान दोन महिने आधी निवडली जाते आणि सुचवलेली नावं सभासदांना किमान २८ दिवस आधी लेखी कळवावी लागतात. समजा निवडणूक २१ एप्रिलला आहे. मग यादी २४ मार्चपर्यंत बाहेर पडायला हवी आणि कमिटी २१ फेब्रुवारीपर्यंत निवडलेली हवी. हाती उरला जेमतेम महिना. त्यातला शेवटचा आठवडा ‘घरी विचारून सांगते’ म्हणणाऱ्यांची वाट बघण्यात जातो. म्हणून पहिली बैठक निवड झाल्यापासून आठवड्याभरात घ्याच.

त्या बैठकीत आधी आपल्यातूनच एक प्रमुख निवडा. मग पाच गोष्टी टेबलावर हव्यात: बायलॉज, स्थायी नियम, या वर्षीच्या वर्गणी भरलेल्या सभासदांची यादी, सध्याचे पदाधिकारी आणि ते त्या पदावर किती वर्षं आहेत याची नोंद, आणि प्रत्येक पदाच्या कामाचं वर्णन. बायलॉजमध्ये तीन गोष्टी शोधा. कोणती पदं निवडणुकीने भरायची? (पार्लमेंटेरियनची, म्हणजे सभेच्या नियमांबाबत सल्ला देणाऱ्याची, बहुधा नेमणूक होते, ते पद तुमच्या यादीत नसतं.) एकाच पदावर सलग किती वर्षं राहता येतं? बऱ्याच ठिकाणी दोनच. आणि उमेदवार किती दिवस आधीपासून सभासद असायला हवा? हे न तपासता एखादीला विचारलं, तिने होकार दिला, आणि मग कळलं की तिने या वर्षी वर्गणीच भरलेली नाही, तर तिच्यासमोरही अवघड होतं आणि कमिटीचा आठवडाही वाया जातो.

आता नावं. इथे बहुतेक कमिट्या घसरतात. पाचही जणी आपापल्या ओळखीतली माणसं सांगतात आणि यादी तिसरीच्या दोन वर्गांतच फिरत राहते. सभासदांची यादी इयत्तेनुसार वाचा. किंडरगार्टनचे पालक पुढे पाच वर्षं शाळेत असणार आहेत, त्यांच्यातून निदान दोघं जण बोर्डावर यावेत असा प्रयत्न करा. फॉल फेस्टिव्हलला टेबलं कुणी मांडली, वर्गाचे ईमेल कोण पाठवतं, सभेत येऊन गप्प बसतं पण इतिवृत्त वाचून चूक दाखवतं ते कोण, हे आठवा. फुरसतीनुसार पद देऊ नका, अंगच्या सवयीनुसार द्या. वेळेत उत्तर देणारी आणि लिहिलेलं जपून ठेवणारी व्यक्ती सेक्रेटरी म्हणून उत्तम चालते, मग ती सभेत एक वाक्य बोलली नाही तरी हरकत नाही.

आधी अध्यक्षपदाचं नाव पक्कं करा, कारण बाकी प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘अध्यक्ष कोण आहे?’ हाच असतो. त्याचं उत्तर द्यायचं की नाही, हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा. लगेच पाठोपाठ ट्रेझरर, म्हणजे खजिनदार. चर्चा सगळ्यांनी मिळून करायची, निर्णय बहुमताने घ्यायचा, फोन मात्र एकानेच करायचा. एका पदासाठी एका वेळी एकालाच विचारायचं. दोघांना विचारलं आणि दोघांनीही ‘हो’ म्हटलं, तर एकाला नकार कळवण्याची पाळी येते. तो माणूस पुन्हा पीटीएच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

फोनवर काय बोलायचं ते आधी लिहून काढा. साधारण असं: ‘नॉमिनेटिंग कमिटीच्या वतीने बोलतेय. पुढच्या वर्षीच्या सेक्रेटरीपदासाठी आम्हाला तुमचं नाव सुचवायचं आहे. महिन्याला बोर्डाची एक सभा, वर्षात चार-पाच सर्वसाधारण सभा. प्रत्येकीचं इतिवृत्त तुम्ही लिहायचं आणि ते पुढच्या सभेआधी पाठवायचं. मुदत १ जुलैपासून एक वर्ष. कमिटी फक्त नाव सुचवते, निवड सभासद करतात, आणि सभेत दुसरं नावही पुढे येऊ शकतं. दोन दिवस विचार करा, गुरुवारी संध्याकाळी मी पुन्हा फोन करते.’ आकडे तुमच्या शाळेचे घाला.

‘अहो, फार काही काम नसतं’ हे वाक्य चुकूनही म्हणू नका. या एका वाक्यावर होकार मिळतो आणि त्याच वाक्यामुळे ऑक्टोबरात राजीनामा येतो. होकार आला की तो ईमेलवर लेखी घ्या. लेखी होकार नसेल तर नाव यादीत घालू नका.

प्रश्न: आमच्या पीटीएच्या अध्यक्षबाई कमिटीच्या बैठकीला ‘फक्त मदतीला’ येणार म्हणतात. नाही कसं म्हणायचं? (एक बाबा, प्लेनो, टेक्सास)

बायलॉज दाखवून. अध्यक्षांनी या कमिटीवर बसू नये आणि कमिटी नेमूही नये, हा सर्वमान्य नियम आहे. बहुतेक पीटीए सभाकामकाजासाठी ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ प्रमाण मानतात. १८७६ साली हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेली ही नियमावली आहे आणि तीही हेच सांगते. मावळत्या अध्यक्षांनीच पुढचे पदाधिकारी निवडले तर दरवर्षी तोच कंपू खुर्च्या बदलत राहील. बाईंचा हेतू चांगला असेलच. त्यांना म्हणा, ‘प्रत्येक पदाला वर्षभरात खरोखर किती तास लागले ते एका कागदावर लिहून द्या.’ ही माहिती त्यांच्याइतकी कुणाकडेच नसते आणि ती द्यायला त्यांना बैठकीत बसावं लागत नाही.

मुख्याध्यापकांचं वेगळं आहे. काही राज्यांत त्यांचा सल्ला घेण्याची मुभा असते. पण कोणत्या पालकाशी शाळेचं पटत नाही, हा निकष म्हणून त्यांच्याकडून घेऊ नका.

प्रश्न: मी कमिटीवर आहे आणि उपाध्यक्षपदासाठी माझंच नाव निघतंय. राजीनामा द्यायला हवा का? (एक आई, सॅन होजे)

नको. कमिटीवर असल्यामुळे उमेदवारीचा हक्क जात नाही. जात असता, तर कामाची माणसं या कमिटीवर आलीच नसती. त्या पदाची चर्चा आणि मतदान चालू असेल तेवढा वेळ बाहेर जाऊन बसा आणि तुम्ही बाहेर होतात याची नोंद ठेवायला सांगा. पाचांपैकी तिघांची नावं अशी यादीत आली, तर मात्र सभासद भुवया उंचावणारच. तेव्हा कमिटीने बाहेरची माणसं पुरेशी शोधली का, हे पुन्हा एकदा बघावं.

प्रश्न: इच्छुकांचा फॉर्म मी भरला होता. कमिटीने मला फोनसुद्धा केला नाही आणि दुसऱ्याच बाईंचं नाव जाहीर केलं. कारण विचारलं तर ‘गोपनीय’ म्हणतात. हा अन्याय नाही का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

तुम्हाला एक ओळीचं उत्तर यायला हवं होतं. ते आलं नाही, ही कमिटीची चूक आहे. पण कारण सांगितलं नाही ते बरोबर केलं. बंद दाराआड कोणाबद्दल काय बोललं गेलं हे बाहेर आलं, तर पुढच्या वर्षी कमिटीत कुणी मोकळेपणाने बोलणार नाही.

तुमचा मार्ग मात्र अजून पूर्ण मोकळा आहे. निवडणुकीच्या सभेत कमिटीचा अहवाल वाचून झाला की सभेच्या अध्यक्षांनी प्रत्येक पदासाठी विचारायचं असतं, ‘सभागृहातून आणखी नावं आहेत का?’ तेव्हा कुणीही सभासद तुमचं नाव सुचवू शकतो. रॉबर्टच्या नियमांप्रमाणे त्याला अनुमोदन लागत नाही, आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवायलाही बंदी नाही. तुम्ही सभासद आहात आणि तुमची संमती आहे, एवढं मात्र तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे. सभेला येणार नसाल तर सुचवणाऱ्याच्या हाती लेखी संमती द्या. अध्यक्ष हा प्रश्न न विचारता पुढे निघाले, तर उठून ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ (नियम मोडला जातोय अशी हरकत) म्हणा आणि नावं मागवायला लावा. सभा संपल्यावर तक्रार करून फारसं हाती लागत नाही.

एका पदाला दोन नावं झाली की मतपत्रिका काढतात. इथे मोजणीत एक चूक फार होते. निवडून यायला झालेल्या वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसती सर्वांत जास्त मतं पुरत नाहीत. उदाहरणार्थ ६१ मतपत्रिका पेटीत पडल्या, त्यांतल्या २ कोऱ्या. कोऱ्या मोजायच्या नाहीत, म्हणून मतं ५९ आणि बहुमत ३०. तिघांना २८, २० आणि ११ मतं पडली, तर २८ वाली उमेदवार निवडून आलेली नाही. पुन्हा मतदान घ्यायचं, आणि बायलॉजमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर ११ मतांच्या उमेदवारालाही बाहेर काढता येत नाही. म्हणून संयोजकांनी रिकाम्या मतपत्रिकांचे दोन-तीन जादा गठ्ठे जवळ ठेवावेत.

प्रश्न: ट्रेझरर व्हायला कुणीच तयार नाही. सहा जणांनी नकार दिला. शेवटी एका वर्गमैत्रिणीच्या गळ्यात घालायचं असं चाललंय. (एक आई, नेपरव्हिल, इलिनॉय)

घालू नका. गळ्यात पडलेलं खजिनदारपद सगळ्यांनाच महागात पडतं. सहा जण ‘नाही’ म्हणाले, तर सहाव्या फोननंतर तरी आपण काय सांगतोय हे तपासायला हवं. ‘हिशेब बघायचे’ म्हटलं की माणूस घाबरतो. काम नेमकं मांडा.

महिन्याला बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही ताडून बघायची, सभेत एक पानी अहवाल द्यायचा, बिलं मंजुरी बघून चुकती करायची. धनादेशावर दोन सह्या, आणि त्या एकाच घरातल्या दोघांच्या नकोत. (नवरा अध्यक्ष आणि बायको ट्रेझरर अशी जोडी कमिटीने म्हणूनच टाळावी, दोघंही कितीही चोख असोत.) बुक फेअर किंवा बेक सेलची रोकड दोघांनी एकत्र बसून मोजायची: नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, बेरीज कागदावर, खाली दोघांच्या सह्या, आणि पैसे शक्यतो त्याच दिवशी बँकेत. डबा ‘उद्या मोजू’ म्हणून कुणाच्या गाडीच्या डिकीत राहिला की संशयाला जागा होते, मग पैसे पूर्ण असोत की नसोत.

वर्षाला एकदा आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याचं, काम असतं. संस्थेची वार्षिक ढोबळ जमा साधारणपणे ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर फॉर्म ९९०-एन हे छोटं ऑनलाइन विवरणपत्र पुरतं. आर्थिक वर्ष ३० जूनला संपत असेल तर त्याची मुदत १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं ते राहिलं, तर करमाफीचा दर्जा आपोआप रद्द होतो. हे होतं तेव्हा बहुधा कुणी अफरातफर केलेली नसते. ट्रेझरर दरवर्षी बदलत गेले आणि हे काम आपलं आहे हे पुढच्याला कुणी सांगितलंच नाही, एवढंच झालेलं असतं. नव्या उमेदवाराला होकार देण्यापूर्वीच ही तारीख सांगा.

एवढं सांगून झालं की दोन गोष्टी देऊ करा: मावळत्या ट्रेझररबरोबर मे-जूनमध्ये दोन-तीन बैठका, आणि बायलॉज परवानगी देत असतील तर पैसे स्वीकारून जमा करण्यासाठी वेगळा फायनान्शियल सेक्रेटरी. काम दोघांत वाटलं जाणार म्हटलं की नकाराचा होकार होताना आम्ही पाहिला आहे.

तरीही कुणी मिळालं नाही, तर यादीत त्या पदापुढे ‘नाव सुचवलेलं नाही’ असं लिहा आणि यादी वेळेत जाहीर करा. रिकामी ओळ वाचून एखादा पालक स्वतःहून पुढे येतो, आणि सभेत नाव सुचवायची सोय आहेच. सभेतही कुणी उभं राहिलं नाही, तर पद रिक्त धरून बायलॉजमधल्या रिक्त पदाच्या कलमाप्रमाणे भरायचं. आणखी एक: अहवाल दिल्यानंतर पण निवडणुकीपूर्वी सुचवलेल्या कुणी माघार घेतली, तर रॉबर्टच्या नियमांनुसार तुमची कमिटी पुन्हा जिवंत होते. लगेच बैठक घेऊन दुसरं नाव शोधायचं. म्हणून निवडणुकीच्या दिवसापर्यंत गावाला जायचे बेत जरा जपून करा.

प्रश्न: मी एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) आहे, काम करण्याचा परवाना नाही. मला सेक्रेटरी किंवा ट्रेझरर व्हायला विचारलंय. चालतं का? (एक आई, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

पीटीएची पदं बिनपगारी असतात. धर्मादाय संस्थेत, एरवीही कुणालाच पगार मिळत नाही अशा जागी स्वेच्छेने काम करणं म्हणजे साधारणपणे नोकरी मानली जात नाही. मेख आहे ती मोबदल्यात. मानधन किंवा कामाच्या बदल्यात गिफ्ट कार्ड स्वीकारू नका आणि पीटीएच्या शाळेनंतरच्या वर्गात पैसे घेऊन शिकवू नका. स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाची पावती देऊन तेवढेच पैसे परत घेणं वेगळं. तुमच्या प्रकरणात काही गुंतागुंत असेल तर व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलाला विचारून मगच होकार द्या.

सेक्रेटरीपदाला सहसा काही अडत नाही. ट्रेझररचं घोडं अडतं ते बँकेत. खात्यावर सहीसाठी नाव घालताना काही बँका सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि परवान्याशिवाय एच-४ वर तो सहसा नसतो. होकार देण्यापूर्वी पीटीएच्या बँकेच्या शाखेत जाऊन कोणती कागदपत्रं लागतात ते विचारून या. संस्थेच्या करक्रमांकासाठी आयआरएसकडे ज्या जबाबदार व्यक्तीचं नाव नोंदवलेलं असतं ती बदलली, तर ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी भरावा लागतो. तिथे सोशल सिक्युरिटी नंबरच्या जागी आयटीआयएन, म्हणजे तो नंबर नसलेल्यांना आयआरएस देतं तो करक्रमांक, चालतो.

आणि कमिट्यांना एक सांगणं: कुणालाही व्हिसा विचारू नका. ट्रेझररला बँकेत काय काय लागतं, हे प्रत्येक उमेदवाराला सारखंच सांगा. ज्याचं त्याला कळतं.

प्रश्न: नातीच्या अमेरिकेतल्या शाळेचं हे सगळं ऐकून नवल वाटलं. आमच्याकडे तर चिठ्ठ्या टाकतात. तिथे मुख्याध्यापक अध्यक्ष नसतात का? (एक आजोबा, ठाणे)

नसतात. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने खासगी शाळांच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून सोडत काढून ठरते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. तिथे ही समिती फीच्या प्रश्नाशी बांधलेली आहे, आणि शाळेने आपल्या मर्जीतले पालक बसवू नयेत म्हणून सोडत. अमेरिकेतली पीटीए ही शाळेपासून वेगळी, स्वतंत्र संस्था आहे. तिची सुरुवात १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी अ‍ॅपर्सन हर्स्ट यांनी मातांची संघटना म्हणून केली. त्यामुळे नेतृत्व पालकांकडे राहणं तिच्या मुळातच आहे. सोडतीत वशिला चालत नाही हे तिचं मोठं बळ. पण हिशेब ठेवणारा माणूस चिठ्ठीतून निघेलच असं नाही, आणि नॉमिनेटिंग कमिटी नेमकं तेच काम करते.

प्रश्न: आमची यादी जाहीर व्हायच्या आधीच सगळी नावं मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. कमिटीतूनच फुटली असणार. आता काय करायचं? (कमिटीप्रमुख, पत्ता दिलेला नाही)

ग्रुपवर ‘खरं’ही लिहू नका आणि ‘खोटं’ही लिहू नका. ‘यादी ठरलेल्या तारखेला सर्वांना मिळेल,’ एवढंच लिहून थांबा. ज्यांची नावं फुटली त्या प्रत्येकाला त्याच दिवशी तुम्ही स्वतः फोन करा आणि होकार अजून कायम आहे का ते विचारा. एखादीचा विचार झाला पण नाव आलं नाही, आणि तेही ग्रुपवर पोचलं असेल, तर पहिला फोन तिला. तिच्याबद्दल काय चर्चा झाली ते सांगायचं नाही. नाव असं बाहेर आल्याबद्दल माफी मागायची आणि सभेत नाव सुचवता येतं हे सांगायचं. जमत असेल तर यादी लगेच अधिकृतपणे पाठवून द्या. लवकर पाठवायला सहसा बंदी नसते, कॅलिफोर्नियातले २८ दिवसही किमान मुदतच आहेत.

कोणी फोडलं याचा तपास कमिटीत एकदाच, समोरासमोर करा आणि सोडून द्या. पुढच्या वेळी नावांची चर्चा फोनवरच्या ग्रुपमध्ये न करता बैठकीतच करा, टिपणं एकाच वहीत ठेवा. अहवाल सादर झाला की अहवालाची प्रत आणि लेखी होकार सेक्रेटरीच्या फाइलला जाऊ द्या आणि बाकीची पानं फाडून टाका.